वणव्याचा वेग दुरून कसा मोजतात?



उन्हाळा लागला की डोंगराला वणवा लागतो आणि पायथ्याच्या उसाला त्याची धास्ती असते. आग दिसली की सारा गाव धावतो. पण धावून जाऊन पट्टा नेमका कुठे तोडायचा, हे आगीच्या वेगावर ठरते. हा वेग आगीजवळ न जाता कसा मोजतात आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते थोडक्यात पाहू.

मूळ हिशेब अगदी साधा आहे. समजा, आगीची कड दहा वाजता ओढ्यापाशी होती आणि दहा वाजून वीस मिनिटांनी ६०० मीटर पुढे आली, तर वेग झाला मिनिटाला ३० मीटर. अडचण एवढीच, की मोठ्या वणव्यात धुरामुळे कड दिसतच नाही. मात्र तापलेल्या वस्तूतून अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण निघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, खास कॅमेऱ्याला मात्र रात्रीही दिसतात आणि धुरातूनही बरेचसे पार होतात. असा कॅमेरा विमानात बसवून आगीवरून दोन फेऱ्या मारल्या, की कडेच्या दोन रेघा मिळतात. रेघांतले अंतर भागिले मधला वेळ, हाच वेग.

उपग्रहांवरही असेच कॅमेरे असतात. २०१७ साली सोडलेल्या नोआ-२० उपग्रहावरच्या यंत्राची एक चौकट ३७५ मीटरची, म्हणजे सुमारे ३५ एकरांची. पण तो आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. उलट २०२४ सालचा आपला इनसॅट-३डीएस एकाच जागी थांबून दर अर्ध्या तासाला पाहू शकतो, पण आगीसाठी त्याची चौकट ४ किलोमीटरची. बारीक पाहणारा क्वचित येतो, सतत पाहणारा ढोबळ पाहतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून वणव्याच्या सूचना देते त्या जंगलासाठी उपयोगी आहेत. एकरभर उसाचा फड मात्र दोन फेऱ्यांच्या मध्येच जळून जाईल.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘कॅम्प फायर’ हा वणवा उच्चदाबाच्या वीजवाहिनीचा झिजलेला हूक तुटून लागला. सकाळी साडेसहाच्या सुमारास लागलेली आग आठच्या सुमारास दहा-अकरा किलोमीटरवरच्या पॅराडाइज गावात पोहोचली. ८५ माणसे दगावली. पुढे संशोधकांनी हवामान खात्याच्या रडारवर दिसलेल्या राखेच्या लोटावरून ही आग कशी सरकली, ते मांडले. जोरदार वाऱ्याने ठिणग्या कडेच्या कितीतरी पुढे नेऊन टाकल्या होत्या.

वेग वाढवणाऱ्या गोष्टी तीन : वारा, चढ आणि वाळलेले जळण. चढ १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील ठोकताळा आहे. वाळलेले पाचट कसे पेटते, हे सभासदांना सांगायला नकोच.

आता आपल्या कामाचे. आग दिसली की आधी घड्याळ पाहावे आणि एखादी खूण धरून ती किती सरकते, याचा अंदाज घ्यावा. पट्टा तोडायला अर्धा तास लागणार असेल आणि आग मिनिटाला १० मीटर येत असेल, तर तेवढ्या वेळात ती ३०० मीटर पुढे येईल. म्हणून पट्टा त्याच्याही पलीकडे घ्यावा. जवळ घेतला तर श्रम वाया आणि माणसे धोक्यात. वारा ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूने आगीच्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. पट्ट्यामागे चार माणसे ठिणग्या विझवायला ठेवावीत.

त्याआधीची तयारी हाच खरा उपाय. डोंगराकडच्या बांधालगतचे पाचट व गवत काढून मोकळा पट्टा ठेवावा. उसावर लोंबणाऱ्या तारांची लेखी तक्रार वीज कार्यालयात करून पोच घ्यावी. तोडणीनंतर पाचट पेटवू नये, ते सरीतच कुजवावे. आणि एवढे करूनही ऊस जळालाच, तर त्याच दिवशी गट कार्यालयास कळवावे. जळीत उसाचे वजन आणि साखर दोन्ही दिवसागणिक घटतात, तेव्हा तोड लवकर मिळण्यातच सभासदाचे आणि कारखान्याचे हित आहे.

— ऊस विकास अधिकारी