‘जनसमाज’ की ‘रहिवासी’? : ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांवरील सार्वभौमत्वाचे वाद

१९९७ साली हाँगकाँग चीनच्या स्वाधीन केल्यानंतर ब्रिटनच्या सत्तेखाली १४ लहानमोठे सागरपार प्रदेश उरले. त्यांची शासकीय संज्ञा काळानुसार पालटत गेली. प्रारंभी ‘वसाहत’ म्हणून ओळखले जाणारे हे प्रदेश १९८१ च्या नागरिकत्वविषयक कायद्यात ‘परावलंबी प्रदेश’ झाले व २००२ च्या कायद्याने ‘सागरपार प्रदेश’ झाले. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत मात्र त्यांपैकी १० प्रदेशांची गणना अद्यापि ‘स्वशासन न लाभलेले प्रदेश’ अशीच होते. बहुतेक प्रदेशांवर अन्य कोणी हक्क सांगत नाही. वादग्रस्त प्रदेशांत तीन प्रमुख होत : स्पेनला हवे असलेले जिब्राल्टर, अर्जेंटिनाने दावा सांगितलेली फॉकलंड बेटे आणि मॉरिशसचा चागोस द्वीपसमूह. या वादांच्या मुळाशी नाविक तळ, सामुद्रधुन्या व राष्ट्राभिमान आहेत हे खरे. तथापि त्यांना जे विधिविषयक रूप आले आहे, ते मोजक्या शब्दांच्या अर्थनिर्णयाचे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९६० रोजी संमत केलेला १५१४ क्रमांकाचा ठराव हा या चर्चेचा पाया होय. त्याचा दुसरा परिच्छेद सर्व जनसमाजांना स्वयंनिर्णयाचा अधिकार देतो. सहावा परिच्छेद कोणत्याही देशाची प्रादेशिक अखंडता भंग करण्याचा प्रयत्न निषिद्ध ठरवतो. वसाहतीची सत्ता धारण करणारा पक्ष बहुधा पहिल्या तत्त्वाचा आधार घेतो, तर दावेदार राष्ट्र दुसऱ्याचा. येथे एक भाषिक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. मराठीत ‘लोक’ हा शब्द दोन निरनिराळ्या कल्पनांना पुरतो : स्वतःचे राजकीय भवितव्य ठरविण्यास पात्र असा समाज, आणि एखाद्या ठिकाणी केवळ वस्ती करून असलेली माणसे. राष्ट्रसंघीय दस्तऐवजांच्या इंग्रजीत त्यांसाठी वेगळे शब्द आहेत. प्रस्तुत विवेचनात पहिल्यास ‘जनसमाज’ व दुसऱ्यास ‘रहिवासी’ म्हटले आहे.

जिब्राल्टर १७०४ मध्ये इंग्रज व डच आरमारांनी जिंकले आणि १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाच्या दहाव्या कलमाने स्पेनने ते ब्रिटिश राजमुकुटास दिले. कलमात नगर, किल्ला, बंदर आणि तटबंदी यांचे ‘संपूर्ण स्वामित्व’ दिल्याचे म्हटले आहे. त्याच कलमात ‘प्रादेशिक अधिकाराविना’ अशीही शब्दयोजना आहे. यावरून स्पेनचे म्हणणे असे की, दिली ती नामनिर्दिष्ट स्थळे. मुख्य भूमीशी जोडणारी संयोगभूमी त्यांत येत नाही. आज याच संयोगभूमीवर जिब्राल्टरचा विमानतळ आहे. त्याच कलमान्वये ब्रिटनने ही मालमत्ता सोडावयाची ठरविल्यास ती प्रथम स्पेनला देऊ करावयाची आहे. त्यामुळे स्वतंत्र राज्य होण्याचा मार्ग रहिवाशांना स्पेनच्या संमतीवाचून जवळजवळ बंद होतो. १९६७ च्या सार्वमतात १२,१३८ मते ब्रिटनशी संबंध राखण्याच्या बाजूने पडली, तर स्पेनच्या बाजूने अवघी ४४. आमसभेने त्याच वर्षी हे सार्वमत अमान्य केले. १९६९ च्या संविधानाच्या प्रास्ताविकेत ब्रिटनने रहिवाशांच्या ‘इच्छे’विरुद्ध त्यांना परसत्तेखाली न देण्याचे वचन दिले, त्याच वर्षी स्पेनने सरहद्द बंद केली. ती पूर्णपणे खुली होण्यास १९८५ साल उजाडले. संयुक्त सार्वभौमत्वाची कल्पना २००२ च्या मतदानात सुमारे ९९ टक्के मतदारांनी फेटाळली.

फॉकलंडच्या वादात ‘इच्छा’ आणि ‘हित’ या दोन शब्दांचा संघर्ष अधिक स्पष्ट दिसतो. बेटांची नावेही दोन पक्षांची आहेत : अर्जेंटिनाचे ‘माल्विनास’ हे नाव फ्रान्सच्या सँ-मालो बंदरातून आलेल्या वसाहतकारांच्या स्मृतीतून निघाले. १६ डिसेंबर १९६५ च्या २०६५ क्रमांकाच्या ठरावाने दोन्ही सरकारांना वाटाघाटी करण्यास सांगितले, आणि त्या करताना रहिवाशांचे ‘हित’ लक्षात घ्यावे असे म्हटले. ‘इच्छा’ हा शब्द तेथे नाही. अर्जेंटिनाचा युक्तिवाद यावरच उभा आहे : १८३३ मध्ये ब्रिटनने बेटे बळकावल्यानंतर तेथे आणून वसविलेली वस्ती हा जनसमाज नव्हे, तिचे हित पाहावे, पण तिचा कौल निर्णायक मानू नये. ब्रिटनचे उत्तर असे की, एखाद्याचे हित कशात आहे हे त्याला न विचारता ठरविता येत नाही. १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ व ब्रिटनचे २५५ सैनिक आणि ३ बेटवासी मृत्यू पावले. तरीही प्रश्न सुटला नाही. २०१३ च्या मतदानात १,५१३ मते ब्रिटिश सत्तेच्या बाजूने पडली, विरुद्ध केवळ ३.

चागोसच्या बाबतीत मात्र ब्रिटनची भूमिका याच्या नेमकी उलट होती. मराठी भाषकांचा एक जुना समाज ज्या मॉरिशसमध्ये नांदतो, त्या वसाहतीपासून ही बेटे ८ नोव्हेंबर १९६५ रोजी तोडण्यात आली. फॉकलंडविषयीच्या ठरावाच्याच दिवशी आमसभेने २०६६ क्रमांकाच्या ठरावाद्वारे ब्रिटनला मॉरिशसचे विभाजन न करण्याचे आवाहन केले होते. ते मानले गेले नाही. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात सर्व बेटवासीयांना हलविण्यात आले. त्यांच्या कित्येक पिढ्या तेथेच जन्मल्या होत्या, त्यांची स्वतःची क्रेओल बोली होती. तरीही शासकीय पत्रव्यवहारात त्यांना ‘कराराने आणलेले मजूर’ ठरविण्याचा यत्न झाला. कायमचे रहिवासी आहेत असे मान्य केले असते, तर राष्ट्रसंघीय सनदेच्या ७३ व्या कलमानुसार त्यांच्याविषयीची जबाबदारी पत्करावी लागली असती. येथे ‘जनसमाज’ तर सोडाच, ‘रहिवासी’ हा शब्दही नाकारण्यात आला.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी असा अभिप्राय दिला की, हे विभाजन जनतेच्या मुक्त व खऱ्या इच्छेवर आधारलेले नव्हते, म्हणून मॉरिशसचे वसाहतमोचन कायदेशीररीत्या पूर्ण झाले नाही. मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्यास दुजोरा दिला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाच्या हस्तांतराच्या तहावर सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या वापरात राहावा अशी तरतूद होती, आणि अंमल पुढील अनुमोदनावर सोपविलेला होता. न्यायालयाच्या दृष्टीने अखंडता ही स्वयंनिर्णयाचीच उपपत्ती होय, त्याची प्रतिस्पर्धी नव्हे; वसाहतीचा जनसमाज संपूर्ण वसाहतीच्या भूमीविषयी हा अधिकार बजावतो. पण या मांडणीत ‘जनसमाज’ म्हणजे अखंड मॉरिशसची जनता. हद्दपार झालेल्या चागोसवासीयांचा स्वतंत्र कौल १९६५ मध्ये घेतला गेला नाही आणि २०२५ च्या तहापूर्वीही नाही.

तिन्ही प्रकरणांत एकाही पक्षाची भूमिका सर्वस्वी सुसंगत नाही. जिब्राल्टर व फॉकलंड येथे इच्छेला सर्वोच्च मानणाऱ्या ब्रिटनने चागोसवासीयांचे अस्तित्वच दृष्टीआड केले. अखंडतेचा पुरस्कार करणारा स्पेन मोरोक्कोने हक्क सांगितलेली सेउता व मेलिल्या ही नगरे स्वतःकडे राखून आहे. सार्वमतातील मतांची बेरीज करणे सोपे असते. मत देण्यास पात्र असलेला जनसमाज कोणता, हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि त्याचे उत्तर मतपेटीतून मिळत नाही. म्हणूनच अशा ठरावांच्या व तहांच्या अभ्यासकाने आकड्यांकडे वळण्यापूर्वी नामांची छाननी करणे अगत्याचे ठरते. कोणत्या मानवसमूहास कोणते नाम दिले गेले, यावर त्याला आपल्या भूमीत राहता आले की नाही, हे अवलंबून राहिलेले आहे.