बंगल्याची दुरुस्ती आणि नवे स्वयंपाकघर : आधी न दिसणाऱ्या कामांवर खर्च

'घर पाहावे बांधून' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. बांधलेले घर अर्धे मोडून, त्यातच राहत असताना ते पुन्हा उभे करण्याविषयी मात्र म्हणी रचणाऱ्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. पुण्यात प्रभात रस्ता, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे बंगले आजही उभे आहेत. शेजारच्या भूखंडावर बहुमजली इमारत उभी राहते, बांधकाम व्यावसायिकांचे निरोप येऊ लागतात आणि घरातील मंडळींपुढे विकणे किंवा दुरुस्त करून राहणे असे दोनच पर्याय उरतात. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांच्या हाती बहुधा निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी असते. ती एकदाच खर्च करता येते, म्हणून ती कोणत्या क्रमाने खर्च करावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक घरांत या कामाची सुरुवात स्वयंपाकघरापासून होते. दुकानात मांडलेली चकचकीत ट्रॉल्यांची मांडणी मनात भरते, आगाऊ रक्कम दिली जाते आणि मग उरलेल्या पैशांत इतर कामे बसवण्याची कसरत सुरू होते. हा क्रम उलटा असावयास हवा. छत, ओल, सांडपाणी आणि वीज ही चार कामे अपुरी राहिली, तर नव्या स्वयंपाकघराचे आयुष्य दोन-तीन पावसाळ्यांपुरतेच उरते.

त्याआधीची एक गोष्ट अनेक जण संकोचापोटी टाळतात. बंगला वडिलांच्या वा आजोबांच्या नावावर असेल, तर प्रॉपर्टी कार्डावर सर्व वारसांच्या नोंदी झाल्या आहेत का, हे पाहून घ्यावे. दुरुस्तीसाठी कर्ज काढावयाचे असल्यास बँक हे कागद मागतेच. पण कर्ज नसले तरी, एका भावाने पदरचे पैसे घालून घर सुधारायचे आणि पुढे वाटणीच्या वेळी त्या खर्चावरून वाद व्हायचा, हे टाळण्यासाठी भावंडांशी आधीच बोलून चार ओळी लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

भिंत पाडण्यापूर्वी

सध्या स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधील भिंत काढून टाकण्याची टूम आहे. फ्लॅटमध्ये हे अनेकदा शक्य होते, कारण तेथे इमारतीचा भार काँक्रीटचे खांब आणि तुळया यांच्यावर असतो. मधल्या भिंती केवळ आडोशाच्या असतात. जुन्या बंगल्यात बहुधा खांबच नसतात. स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो आणि वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर उभी असते. दोन्ही घरे आतून सारखी दिसली, तरी त्यांची रचना वेगळी असते. एका घरात यशस्वी झालेला बदल दुसऱ्या घरात जिवावर बेतू शकतो.

विटेची ९ इंची किंवा त्याहून जाड भिंत भारवाहक आहे, असेच गृहीत धरून चालावे. साडेचार इंची पडदी सामान्यतः केवळ विभाजनासाठी असते. पण तिच्यावरही नंतर कोणी माळा टेकवलेला असू शकतो. भिंतीवर टिचकी मारून निदान करणारे गवंडी भेटतात. त्यांचा अनुभव मोलाचा असला, तरी हा निर्णय संरचना अभियंत्याचाच आहे. भिंतीत मोठे मोकळे दालन करावयाचे असल्यास आधी स्लॅबला टेकू देऊन, वर लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटची तुळई टाकून, तिची दोन्ही टोके पुरेशी भक्कम टेकवावी लागतात. हा खर्च अनेकदा संपूर्ण ओट्याच्या खर्चाइतका होतो. अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर खिडकीएवढा झरोका ठेवून त्यातून ताटे-वाट्या सरकवण्याची सोय करणे पुरेसे आहे. अर्थात त्या झरोक्यावरही लिंटेल लागतेच.

फरशी बदलणे, गिलावा, रंगकाम अशा डागडुजीसाठी महापालिकेच्या बांधकाम परवानगीची गरज नसते. भारवाहक भिंत, स्लॅब वा जिना यांत फेरफार करणे किंवा बांधकाम वाढवणे यासाठी मात्र परवानगी घ्यावी लागते. स्वयंपाकघर लहान पडते म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून ते चार फूट पुढे ढकलण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. अशी वाढ अनधिकृत ठरू शकते आणि पुढे विक्रीच्या वा कर्जाच्या वेळी नेमकी तीच आडवी येते.

ओल कोठून येते

ओल दिसली की रंगारी बोलावला जातो. रंगाने डाग झाकला जातो, ओल तशीच राहते. म्हणून ती कोठून येते, याचा शोध आधी घ्यावा. छताच्या कडेला किंवा मधोमध डाग असेल, तर गच्चीवरील कोबा तडकलेला असण्याचा, पन्हळ तुंबल्याचा किंवा गच्ची व कठड्याच्या भिंतीचा सांधा उघडा पडल्याचा संभव असतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटून पांढरी भुकटी जमत असेल, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. भिंतीच्या मधल्या भागातच ओला पट्टा असेल, तर आतील नळ गळत असल्याची शक्यता अधिक.

गच्चीची जलरोधक दुरुस्ती केल्यानंतर तेथे पाणी साठवून किमान २४ तास, शक्य झाल्यास त्याहून अधिक काळ ठेवावे आणि खाली ठिपका येतो का ते पाहावे. कंत्राटदाराला ही चाचणी कंटाळवाणी वाटते. ती मालकानेच लावून धरावी लागते.

स्वातंत्र्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील अनेक भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओलावा हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर जाड सिमेंटचा गिलावा चढवला की ओलावा आत कोंडतो आणि सिमेंटचा थरच कालांतराने पोकळ होऊन सुटतो. अशा भिंतींचा सुटलेला भाग पुन्हा चुन्यातच दुरुस्त केला, तर काम टिकते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, तेव्हा त्यांचा शोध आधीपासून घ्यावा.

सिंक जिथल्या तिथे

प्रत्यक्ष स्वयंपाकघराकडे वळताना पहिला प्रश्न रंगाचा वा लॅमिनेटचा नसून सांडपाण्याचा आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघराचे पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये जाते. सिंक त्याच बाह्य भिंतीशी राहिले, तर जुनी वाट वापरता येते. ते समोरच्या भिंतीकडे नेले, तर संपूर्ण फरशीखालून नळ न्यावा लागतो. त्या नळाला दर फुटास पाव इंच उतार हवा. म्हणजे १० फुटांत अडीच इंच. तेवढी खोली जोत्यात मिळाली नाही, तर फरशी उचलावी लागते, फरशी उचलली की दारे तासावी लागतात आणि शेजारच्या खोलीशी उंबरठ्याची पायरी तयार होते. वृद्ध माणसे असलेल्या घरात ही पायरी परवडणारी नाही. एका सिंकच्या स्थलांतराचा खर्च असा चार ठिकाणी वाढतो.

जुने लोखंडी जस्ती नळ मात्र भिंती उघडलेल्या असतानाच बदलून घ्यावेत. आतून गंजून त्यांचे पोट अरुंद झालेले असते. नवी टाइल बसवल्यावर ते गळू लागले, तर दुप्पट खर्च पडतो.

ओटा किती उंच

पूर्वी स्वयंपाक चुलीपुढे बसून होत असे. मांडणी, फडताळ, कोनाडे, कोपऱ्यातील मोरी अशी सारी रचना त्या बैठकीला साजेशी होती. उभ्याचा ओटा आला तो बहुतेक ठिकाणी गवंड्याच्या अंदाजाने. आजही अनेक घरांत त्याची उंची गवंडीच ठरवतो, वापरणाऱ्या व्यक्तीला कोणी विचारत नाही.

सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून सुमारे ४ इंच वजा केले की चिरण्या-निवडण्यासाठीची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या व्यक्तीसाठी ती ३४ इंचांच्या आसपास येते. परंतु त्याच ओट्यावर शेगडी ठेवली की भांड्याचा तळ आणखी पाच-सहा इंच वर जातो आणि कढईत डाव घालताना खांदा उचलावा लागतो. पोळ्या लाटणे, कणीक मळणे, भाकरी थापणे यांनाही अंगाचा भार द्यावा लागतो; त्यासाठी थोडी खालची पातळीच बरी. म्हणून शेगडीचा भाग ३० इंचांच्या आसपास आणि सिंकचा भाग त्याहून उंच, अशी दोन पातळ्यांची रचना करता येते. दगड कापण्यापूर्वी टेबलावर पुस्तकांची चळत रचून, त्यावर पोळपाट ठेवून पाहावे. या प्रयोगाला काही खर्च येत नाही.

दगडांत कडप्पा स्वस्त पडतो. पण तो चुनखडीच्या जातीचा असल्याने लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्यावर डाग धरतात. ओट्याच्या पृष्ठभागासाठी ग्रॅनाइट आणि खालच्या उभ्या आधारांसाठी व कप्प्यांसाठी कडप्पा ही जुनी जोडी आजही किफायतशीर आहे. कडप्प्याच्या उभ्या आधारांवर ओटा करून घेतल्यास खालचे प्लायवूडचे खोके पूर्णपणे वाचते. केवळ ट्रॉल्या आणि दारे बसवली की काम भागते. पाणी सांडले तरी दगड फुगत नाही, वाळवीही लागत नाही. सर्व बाजूंनी लाकडी खोके विकणाऱ्या दुकानांत हा पर्याय सहसा सुचवला जात नाही.

मोजमापातील खाचाखोचा

दरपत्रक हाती आले की आधी मोजण्याची पद्धत विचारावी. कोणी धावत्या फुटावर दर सांगतो, कोणी चौरस फुटावर. समजा, ओटा इंग्रजी 'एल' आकाराचा आहे; एक बाजू १० फूट, दुसरी ६ फूट आणि खोली २ फूट. दोन्ही बाजू सरळ मोजल्या तर ३२ चौरस फूट होतात. कोपऱ्यातील २ गुणिले २ फुटांचा तुकडा त्यात दोनदा मोजला जातो. प्रत्यक्ष दगड २८ चौरस फूटच लागतो. ग्रॅनाइटच्या दराने ही ४ फुटांची तफावत किरकोळ नाही. पट्टी, कडेची गोलाई, सिंकसाठीचे कापकाम यांचे पैसे वेगळे आहेत का, हेही लिहून घ्यावे. जीएसटी दरात धरला आहे की वर आकारला जाणार, हे विचारण्यासही संकोच नसावा. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर नवे काम करून घेऊ नये.

प्लायवूड सर्वत्र एकाच दर्जाचे लागत नाही. सिंकखालच्या भागासाठी 'आयएस ७१०' हा शिक्का असलेले मरीन प्लाय, वरच्या कोरड्या कपाटांसाठी त्याहून साधे. ट्रॉल्यांचे स्टील ३०४ प्रतीचे असल्याचे विक्रेता चुंबक लावून 'सिद्ध' करतो. चुंबक २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीललाही सहसा चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने दोहोंतील फरक कळत नाही. पावतीवर प्रत लिहून घेणे हाच उपाय. बजेट तुटपुंजे असल्यास सर्वच ट्रॉल्या एकदम घेऊ नयेत. रोज लागणाऱ्या तीन-चार घ्याव्यात, इतर ठिकाणी साधे कप्पे ठेवावेत.

वीज आणि गॅस

जुन्या घरात स्वयंपाकघराला एक दिवा आणि एक प्लग पुरत असे. आता फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि इंडक्शन शेगडी एकाच भिंतीवर येतात. २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा आणि मंजूर वीजभार कमी पडत असल्यास महावितरणकडे तो वाढवून घ्यावा. तारा नेण्यासाठी भारवाहक भिंतीत लांब आडव्या खाचा मारू देऊ नयेत; खाचा उभ्याच असाव्यात.

सिलिंडर ओट्याखाली बंद कप्प्यात ठेवण्याची प्रथा वाढली आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याला खाली जमिनीलगत झरोका हवा. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो. त्यासाठी झरोका वर हवा. पुढे नळाचा गॅस घ्यावयाचा असल्यास दोन्ही ठेवणे उत्तम. चिमणीची बाहेर जाणारी नळी जितकी आखूड आणि सरळ, तितकी ती परिणामकारक. ते शक्य नसेल, तर बाह्य भिंतीतील साधा एक्झॉस्ट पंखा कमी पैशांत पुष्कळ काम करतो.

काय ठेवावे, काय काढावे

जुन्या बंगल्यातील सागवानी दारे, मोझॅकची फरशी, शहाबादी लाद्या यांची किंमत काढून टाकल्यावर कळते. मोझॅकला पॉलिश करून घेणे नव्या टाइलपेक्षा बहुधा स्वस्त पडते. सागवानी चौकटीला वाळवी लागली असली, तरी तेवढाच भाग कापून जोड देता येतो. राडारोड्याची वाहतूक आणि विल्हेवाट हाही खर्चाचा विषय आहे. तो कोण उचलणार, हे ठरलेले नसल्यास पोती महिनोन्महिने दारात पडून राहतात किंवा रात्रीच्या अंधारात नदीकाठी जातात.

एकूण रकमेतील १५ टक्के तरी अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवावेत. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल, हे कोणालाच सांगता येत नाही. वाढीव काम तोंडी सांगू नये. दर लिहून, सही घेऊनच पुढे जावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. गवंडीकाम दिवाळीनंतर सुरू केल्यास गिलाव्याला पुरेसे पाणी मारून तो वाळण्यास वेळ मिळतो. मात्र होळीला अनेक कारागीर गावी जातात, ते दिवस वेळापत्रकात धरावेत. गच्चीच्या कामाची १० टक्के रक्कम राखून ठेवून ती जूनमधील पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर देण्याची अट करारातच घालावी. काम मार्चमध्ये संपले तरी कंत्राटदाराला तेवढे थांबण्यास राजी करता येते, फक्त ते सुरुवातीलाच सांगितलेले असावे लागते.