वायरमनची वही (लेखांक ९) : काट्यावरचा एकवीस नंबर

मागच्या आठवड्यात आपण अर्थिंगचा खड्डा घेतला आणि काळ्या जमिनीत तो ऐन उन्हाळ्यात का दगा देतो ते पाहिलं. आज त्याच अर्थिंगच्या भरवशावर चालणारी एक व्यवस्था पाहू : लहान धंद्यातला इंटरकॉम, बिलावर ज्याला ईपीएबीएक्स म्हणतात तो.

‘प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आता हे कशाला?’ असं मालक विचारतोच, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी वडीगोद्रीच्या फाट्यावर चला. धुळे–सोलापूर महामार्गाला इथे जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता मिळतो. भोवतालचा पट्टा उसाचा, कापसाचा, मोसंबीचा. या रस्त्यालगत एक जिनिंग उभं राहतंय असं धरू. गेट, काटा, ऑफिस, रेच्यांचं (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचं) शेड, प्रेस आणि मागे मालकाचं घर, अशा सहा जागा. हंगामात काट्यावर दिवसा एक माणूस असतो, रात्री दुसरा. कोणी सुट्टीवर गेला की तिसराच. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागली आहे आणि ऑफिसला एका गाडीचं वजन विचारायचं आहे. मोबाइल कोणाचा लावणार? आज पाळी कोणाची, हेच आधी शोधावं लागतं. काट्यावर २१ नंबरचा फोन असला की तिथे जो उभा असेल तो उचलतो. बाहेरच्या फोनचंही तेच. शेतकऱ्यांकडे आणि सरकीच्या व्यापाऱ्यांकडे मुनिमाचा नंबर असेल, तर नोकरी सोडताना मुनीम गिऱ्हाईकही सोबत घेऊन जातो. पेढीचा नंबर पेढीतच राहतो.

मोबाइल माणसाला शोधतो, इंटरकॉम जागेला. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं प्रत्येक काम सोपं होतं.

मोजमाप

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘कितीचा देऊ? टू प्लस एट चालेल?’ म्हणजे बाहेरच्या दोन लाइन आणि आतली आठ एक्स्टेन्शनं. हे शेवटी ठरवायचं. आधी कागद आणि टेप घेऊन आवार फिरायचं. प्रत्येक जागी दोन गोष्टी लिहायच्या : फोन वाजला तर इथे ऐकू येईल का, आणि ऑफिसपासून वायर किती लांब पडेल. रेच्यांच्या शेडमध्ये यंत्रं चालू असताना साधी घंटी कोणाच्या कानावर पडत नाही. तिथे हूटर आणि लुकलुकणारा दिवा लावायचा, फोन मात्र काचेच्या केबिनमध्ये ठेवायचा. उघड्यावरच्या सॉकेटमध्ये कापसाचे तंतू जाऊन बसतात. ईपीएबीएक्सचा डबाही शेडमध्ये नको, ऑफिसातच हवा.

अंतर का मोजायचं? हल्ली कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन मिळतात आणि एका इमारतीतल्या ऑफिसला ते चांगलेच आहेत. पण त्यांच्या कॅट-६ केबलला १०० मीटरची हद्द असते. त्यापुढे मध्ये स्विच ठेवा नाहीतर फायबर ओढा. काटा मात्र बऱ्याचदा गेटजवळ असतो, ऑफिसपासून दोनशे मीटरवर. इथे जुना अॅनालॉग फोन बाजी मारतो. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे १७० ओहम, म्हणजे दोनशे मीटरला चौतीसच्या आसपास. लहान ईपीएबीएक्सला हे काहीच नाही. म्हणून पसरलेल्या आवाराला अॅनालॉग, एका छपराखालच्या ऑफिसला आयपी.

उकाडा आणि धूळ ईपीएबीएक्सच्या डब्यांना नवीन नाहीत. सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा खेड्यातल्या एक्स्चेंजला एसीची खोली मिळणार नाही हे गृहीत धरूनच कामाला लागली. तिचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झालं. खासगी आवारांसाठीचं एक्स्चेंजही तिने तयार केलं आणि त्याचं तंत्र देशी कारखान्यांना दिलं. आपल्या भिंतीवरचा डबा त्याच परंपरेतला आहे.

जोडी

प्रत्येक फोनला डब्यापासून स्वतंत्र जोडी न्यायची. एकाच वायरीवर पुढे पुढे सॉकेट काढत गेलं की वायर वाचते. पण मध्ये कुठे तुटलं की पुढचे सगळे फोन एकदम बंद पडतात आणि दोष शोधायला अख्खं आवार पालथं घालावं लागतं. सहा जागा असतील तर दहा जोड्यांची केबल घ्यावी. उरलेल्या जोड्या उद्याच्या वाढीला आणि तुटफुटीला कामी येतात.

जोडीतल्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. शेजारच्या विजेच्या केबलची गुणगुण दोन्ही वायरींत सारखी शिरते. फोन त्या दोघींमधला फरक ऐकतो, म्हणून ती आपोआप वजा होते. पीळ उलगडला की हा फायदा जातो. रंगांचा क्रम पाठच करावा : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. पहिल्या पाच जोड्यांत यांचा सोबती पांढरा, पुढच्या पाचांत लाल.

सगळ्यात फसवी चूक इथेच होते. केबलचं टोक वीतभर सोललं, पीळ मोकळा केला, की समोर पाच पांढऱ्या वायरी दिसतात, एकीसारखी दुसरी. निळीबरोबर भलतीच पांढरी गेली आणि दुसऱ्या टोकालाही नेमकी तीच घेतली, तर मीटर सगळं ठीक दाखवतो, फोनही लागतो. मग हंगामात काट्यावरचा माणूस बोलायला लागला की गेटवरच्या फोनमध्ये त्याचा आवाज बारीक ऐकू येतो. यावर उपाय एकच : पीळ बोटभरापेक्षा जास्त सोडायचा नाही.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहावं. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ते स्वस्त पडतं, पण वाकवलं की तुटतं.

आवारातून जाणारी केबल जमिनीखालून न्यायची तर जेली भरलेली घ्यावी. काळी जमीन पावसात फुगते, वैशाखात भेगाळते आणि ताणून घातलेली केबल ओढून तोडते. म्हणून ती एचडीपीई पाइपातून, थोडी सैल न्यायची. ट्रक वळतात तिथे लोखंडी पाइप. विजेच्या केबलपासून हातभर लांब, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात.

क्रोनची पट्टी

सगळ्या जोड्या ऑफिसमधल्या एका पेटीत येतात, तिला एमडीएफ म्हणतात. आत क्रोनच्या पट्ट्या असतात, एका पट्टीत दहा जोड्या. वायर सोलायची नाही. ती खाचेत ठेवायची आणि क्रोन टूल सरळ दाबायचं. ‘टक्’ आवाज येतो, पाती आवरण कापून तांब्याला धरते आणि टूलची कात्री उरलेलं टोक उडवते. कात्रीची बाजू टोकाकडेच आहे ना, हे दाबण्याआधी पाहायचं. उलटी धरली तर कामाचीच वायर कापली जाते. एका पट्टीवर आवारातून आलेल्या जोड्या, दुसरीवर डब्यातून निघालेल्या, मध्ये त्यांना जोडणारी वायर, म्हणजे जंपर. उद्या काट्याची जागा हलली तर जंपर बदलला की २१ नंबर नव्या जागी जातो.

काम करताना डबा बंद ठेवावा. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात, ते सहसा जाणवत नाहीत. पण घंटी वाजते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो आणि ओल्या हाताला चांगला झटका देतो.

दोन इमारतींमधल्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्शनचं मॉड्यूल हवं. त्यात वायू भरलेली बारीक नळी असते. वीज जवळपास पडून वायरीत दाब उसळला की नळी क्षणभर वाहक होते आणि तो दाब जमिनीत सोडते. त्यासाठी अर्थची वायर जाड, आखूड आणि सरळ असावी. वळवाच्या आधी हे झालेलं बरं. मृगात डबे जळाल्यावर मॉड्यूलची आठवण होऊन उपयोग नाही.

बाहेरची लाइन

पूर्वी खांबावरून तांब्याची जोडी येई. आता बहुधा फायबर येतं, आणि भिंतीवरच्या ओएनटीच्या (फायबर जिथे संपतं त्या पेटीच्या) मागे फोनचं लहान सॉकेट असतं. ईपीएबीएक्सची बाहेरची लाइन तिथून घ्यायची. दुसरी लाइन एफसीटीवर : सिम घातलेली पेटी, जी साध्या लाइनसारखा डायल टोन देते. २जी-३जी नसलेल्या कंपनीचं सिम असेल तर पेटी व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलणं, चालवणारी हवी. सिम पेढीच्या नावावर घ्यावं, नाहीतर मुनिमाची गोष्ट पुन्हा घडते.

या लाइनींचा एक नेहमीचा रोग आहे. समोरच्याने फोन ठेवला तरी डब्याला ते कळत नाही, लाइन अडकून राहते आणि बाहेरच्यांना ‘व्यस्त’ ऐकू येतं. डब्यात बिझी टोन ओळखण्याची सोय असते. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. हे आकडे भरले की डबा लाइन सोडतो. फोन दुसरीकडे देताना कॉल तुटत असेल तर फ्लॅशची वेळ पाहावी. फ्लॅशचं बटण लाइन क्षणभर तोडतं. फोन संचाची तोड डब्याने धरलेल्या वेळेपेक्षा लांब असली, तर डबा समजतो की फोनच ठेवला. दोन्हीकडे सारखे मिलिसेकंद ठेवले की काम होतं.

सहा फोनांच्या पेढीला ‘अमुकसाठी एक दाबा’ हवंच असं नाही. ठेवायचं तर मराठीत, दोन वाक्यांत. गेटवरून बाहेर फोन बंद. रात्री बाहेरचा फोन गेटवर वाजेल असा नाइट मोड लावायचा.

वीज आणि चाचणी

जुन्या तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळे, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. तेव्हा यूपीएसवर डबा, ओएनटी आणि एफसीटी तिन्ही हवेत; बरेच जण नुसता डबा लावतात.

काम घेताना वायरमनसमोर मेन स्विच पाडा, रेचे चालू असताना प्रत्येक जागेवरून प्रत्येक जागी फोन लावा, बाहेरून एक कॉल घेऊन काट्यावर द्या आणि समोरच्याने ठेवल्यावर लाइन सुटते का पाहा. मग नंबर, जागा, जोडीचा रंग आणि क्रोनवरचा क्रमांक असा तक्ता एमडीएफच्या दाराला आतून चिकटवून घ्या. पुढचा वायरमन दुसराच असेल. तक्ता असेल तर त्याला कोणालाही काही विचारावं लागणार नाही. हा तक्ता हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

(पुढच्या लेखांकात : याच पाइपातून सीसीटीव्हीची केबल न्यावी का?)