खेळताना संगणक का अडखळतो?

गेम खेळण्यासाठी घेतलेला संगणक ऐन रंगात थबकू लागला, की दोन उपाय हमखास सुचविले जातात : विंडोज नव्याने टाकणे किंवा ग्राफिक्स कार्ड बदलणे. दोष सापडण्यापूर्वीच औषध दिले गेल्याने हे उपाय अनेकदा वाया जातात. पुणे-बंगळूर महामार्गावर, कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजसारख्या गावात या घाईची किंमत अधिक पडते. जड कॅबिनेट कऱ्हाड किंवा साताऱ्याला न्यावे, तर दुकानात ते निमूटपणे चालू शकते आणि घरी येताच दोष पुन्हा डोके वर काढतो. कारण खोलीतील उष्णता, साचलेली धूळ आणि घरातील वीजपुरवठा यांचाही त्या दोषात वाटा असू शकतो. त्यामुळे पहिली तपासणी घरीच होणे हिताचे.

अडखळणे वेगळे, गोठणे वेगळे

चित्र धक्के खात पुढे सरकणे हा एक दोष. चित्र पूर्ण थांबून माऊस आणि कीबोर्डही निकामी होणे हा दुसरा. पहिल्यात संगणक काम करीत असतो, पण वेळेवर नाही. दुसऱ्यात त्याचे काम थांबलेले असते.

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. त्यातील एखाद्याला १०० मिलिसेकंद लागले, तर डोळ्यांना धक्का जाणवतो. सेकंदाची सरासरी मात्र चांगलीच दिसत राहते. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये ही त्रुटी दाखवून दिली आणि प्रत्येक चित्राला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तेव्हा ‘एफपीएस’चा सरासरी आकडा उत्तम आहे, एवढ्यावरून यंत्र निर्दोष ठरत नाही.

ऑनलाइन खेळात आणखी एक भेद करावा लागतो. आपले दृश्य सुरळीत फिरते, पण प्रतिस्पर्धी जागच्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, तर संशय इंटरनेट जोडणीवर घ्यावा. तेथे नवे ग्राफिक्स कार्ड उपयोगाचे नाही.

उष्णता, स्मृती आणि डिस्क

खेळ पहिली दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालतो आणि नंतर मंदावतो, तर प्रथम तापमान पाहावे. प्रोसेसर ठराविक मर्यादेपर्यंत तापला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, भिंतीला टेकवलेल्या आणि धुळीने जाळ्या बुजलेल्या कॅबिनेटमध्ये ती गाठणे अवघड नाही. वीज बंद करून, पंखे हाताने धरून धूळ काढणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

नव्या भागात शिरताना किंवा वळण घेताना धक्का बसत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून रॅम आणि डिस्क पाहाव्यात. अनेक नव्या खेळांना १६ जीबी रॅमची शिफारस असते. ती अपुरी पडली, की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि जुनी फिरती हार्डडिस्क तेथे मागे पडते. अशा वेळी एसएसडी किंवा वाढीव रॅम खरोखर कामी येते.

काही धक्के मात्र आजाराचे लक्षणच नसतात. अनेक खेळ एखादे दृश्य प्रथमच दाखविताना ग्राफिक्स कार्डासाठीच्या छोट्या आज्ञावल्या तयार करतात. पहिल्या फेरीत जाणवणारा धक्का दुसऱ्या फेरीत नाहीसा झाला, तर कारण बहुधा हेच असते.

दोष कंपनीकडचाही असतो

एएमडीच्या काही संगणकांवर विंडोज अधूनमधून क्षणभर अडखळत असे. सुरक्षेसाठी असलेली ‘एफटीपीएम’ ही सोय त्याला कारणीभूत असल्याचे कंपनीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले. उपाय होता मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करणे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरवर खेळ बंद पडू लागले, तेव्हा प्रोसेसरला प्रमाणाबाहेर विद्युतदाब मिळत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. त्यावर ऑगस्ट २०२४ पासून सुधारणा आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र त्या सुधारणेने बरा होत नाही. तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

बायोस बदलताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. वळवाच्या दिवसांत, आभाळ भरून आले असताना, हे काम यूपीएसशिवाय करू नये.

विजेवर खापर किती?

कमी दाबामुळे गेम अडखळतो, ही समजूत सहसा चुकीची ठरते. पॉवर सप्लायला वीज अपुरी पडली, तर संगणक एकाएकी बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. तो धक्के खात चालत नाही. खेळ सुरू होताच यूपीएस ओरडून बंद पडत असेल, तर त्याची क्षमता तपासावी. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. अशा अनेक लहान यूपीएसची क्षमता ३६० वॉटच्या आसपास असते, तर दमदार ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक खेळताना त्याहून अधिक वीज ओढू शकतो.

चित्र गोठून आवाज एकाच सुरात घुमत राहिला, तर विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर पाहावा. तेथील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते. ते कारण नव्हे. ‘व्हीआ-लॉगर’च्या नोंदी यंत्रभागातील दोषाकडे, तर डिस्कसंबंधीच्या इशारा-नोंदी साठवणीच्या आजाराकडे बोट दाखवितात. डिस्कवर संशय येताच इतर सारे बाजूला ठेवून छायाचित्रे आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी. खेळ पुन्हा मिळतो, छायाचित्रे मिळत नाहीत.

एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर टिपावा आणि त्याच खेळातील तोच भाग पुन्हा खेळून पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. ही टिपणे हाती असली, तर कॅबिनेट दुकानात न्यावे लागले तरी नेमके काय तपासायचे हे दुरुस्ती करणाऱ्यास सांगता येते आणि नको असलेला सुटा भाग गळ्यात पडत नाही.