खिचडी आणि सनद
(चर्चची सामाजिक शिकवण : लेखांक ६)

कामगाराला भीक नको, पोटापुरती रास्त मजुरी हवी, हे तेरावे पोप लिओ यांनी १८९१च्या ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये बजावले, ते आपण मागे पाहिले. आज घरदार सुटलेल्या माणसाकडे वळू.

१ ऑगस्ट १९५२ रोजी बारावे पोप पायस यांनी ‘एक्सुल फामिलिया’ हा दस्तऐवज काढला. हेरोद राजाच्या भीतीने इजिप्तला पळालेले योसेफ, मरिया आणि बाळ येशू हे साऱ्या निर्वासितांचे आदर्श कुटुंब, असे त्यात म्हटले आहे. युद्धाने युरोपात लाखो लोक बेघर झाले होते, त्याची ही पार्श्वभूमी.

त्याच सुमारास आपल्या कल्याणशेजारी हाच प्रश्न सरकार सोडवत होते. चर्चचा तिथे संबंध नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना रिकाम्या लष्करी छावणीत ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. आजही तिथे पत्ता सांगतात तो ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असाच. लांबलचक बराकी, आडोसे घालून केलेल्या खोल्या, बायकांनी लाटलेले पापड आणि ते विकायला निघालेली माणसे. पण नुसत्या शिध्यावर हे शहर उभे राहिले नसते. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिकत्वाची वाट दिली, १९५४च्या कायद्याने विस्थापितांना भरपाई दिली, पुढे जागेची सनद हाती आली. सनदांचे आणि बेकायदा बांधकामांचे घोळ अजून निस्तरलेले नाहीत, हे खरेच. तरी छावणीतला माणूस मालक आणि मतदार झाला.

२०१८च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी चार कामे सांगितली : स्वागत, संरक्षण, उन्नती आणि सामावून घेणे. पहिल्या कामात आपण हुशार. २०२०च्या टाळेबंदीत माजिवड्याहून भिवंडी, पडघ्यावरून कसाऱ्याकडे पोरे खांद्यावर घेऊन निघालेल्यांना ठाणेकरांनी खिचडी दिली, पाणी दिले, चपला दिल्या. पण ती माणसे मुळात चालू का लागली? काम बंद, भाडे थकलेले आणि रेशनकार्ड गावाकडचे. तिथे खिचडी पुरत नाही. भुकेल्याला अन्न देणे हा उपकार नसून त्याचे त्याला परत करणे आहे, ही चर्चची फार जुनी भूमिका, आणि मला ती दयेपेक्षा अधिक सरळ वाटते.

कल्याणच्या कॅथलिकांना तर हे घरचेच प्रकरण. इथला सीरो-मलबार धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला तो नोकरीसाठी केरळातून आलेल्यांसाठी. २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे परगावी आलेल्यांना आपल्या भाषेत प्रार्थना करता यावी, ही गरज चर्चने ओळखली. मग डोंबिवलीच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट बघत उभ्या असलेल्या मजुराकडे या समाजाने सर्वांत आधी बघायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२१च्या आदेशानंतर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना देशभर लागू झाली. अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावर बिहारच्या मजुराला कल्याणच्या रेशन दुकानातही धान्य मिळते. तुमच्या शेजारच्या बांधकामावर राबणाऱ्यांना हे ठाऊक आहे का, एवढे या आठवड्यात विचारा. ठाऊक नसेल तर त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत जा.