मधुमेह, तिमिर आणि तर्पण

पन्नाशी उलटलेला एखादा गृहस्थ सकाळीं वर्तमानपत्र वाचीत असतां त्याच्या डोळ्यांपुढें केसासारखी एक काळी रेघ तरंगूं लागते. तो चष्मा पुसतो, डोळे धुतो. रेघ जात नाहीं. मधुमेह जडून दहाबारा वर्षें झालेलीं असतात; परंतु दृष्टि कालपर्यंत स्वच्छ असल्यामुळें ह्या दोहोंचा संबंध त्याच्या ध्यानीं येत नाहीं. घरांतील वडील मंडळी त्रिफळ्याच्या काढ्यानें डोळे धुण्यास सांगतात. कोणी केरळांत जाऊन तर्पण करून येण्याचा सल्ला देतो.

हा सल्ला निराधार नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे ७६ रोग वर्णिले आहेत. त्यांतील तिमिरांत दोष एकामागून एक पटलांत शिरतो. पहिल्या पटलांत अंधुक दिसतें. दुसऱ्यांत माशा, चिलटें, केस आणि जाळीं नसतांना दिसूं लागतात. चौथें गांठलें म्हणजे लिंगनाश, अर्थात् अंधत्व. गृहस्थाच्या रेघेशीं हें वर्णन चांगलेंच जुळतें. तथापि लक्षण जुळलें म्हणजे रोगही तोच, असें होत नाहीं. मधुमेहानें डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर होणारी विकृति संहितांत वेगळी नोंदलेली नाहीं, आणि तशी असणें शक्यही नव्हतें; जिवंत माणसाचा तो पडदा पाहण्याचें साधन हेल्महोल्ट्झ ह्यानें १८५१ सालीं सिद्ध केलें.

त्या साधनानें जें दिसलें तें असें. रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली कीं पडद्यांतील केशवाहिन्या दुर्बळ होऊन त्यांना सूक्ष्म फुगे येतात. त्यांतून रक्त व द्रव पाझरतो. पुढें कित्येक वाहिन्या बुजतात, आणि उपाशी पडलेल्या पडद्यावर नव्या वाहिन्या उगवतात. ह्या इतक्या नाजूक कीं सहज फुटून डोळ्याच्या पोकळींत रक्त पसरतें, किंवा त्यांसवें वाढलेले तंतु आकसून पडदाच जागेवरून ओढला जातो. वयोमानानें दिसणारी निरुपद्रवी रेघ आणि ह्या रक्तस्रावाची रेघ रोग्याला सारखीच भासते. भेद तपासणीवांचून कळत नाहीं.

तर्पणांत रोग्यास उताणें निजवून डोळ्याभोंवतीं उडदाच्या पिठाचें आळें करतात आणि कोमट औषधी तूप पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओततात. थकलेल्या डोळ्याला त्यानें विसावा वाटत असेल. परंतु पडद्यावरील नव्या वाहिन्या त्यानें मावळतात असें सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय डोळ्यांतील उपद्रव शमले नसतील तर तर्पण करूं नये, असा सुश्रुताचाच निषेध आहे. तर्पणाची भलावण करणारे त्याचा उच्चार क्वचितच करतात.

आयुर्वेदाचें बळ प्रमेहाच्या पथ्यांत अधिक आहे. जव, मूग, आंवळा, हळद हीं तर प्रसिद्धच आहेत. निर्धन रोग्यासाठीं सुश्रुत सांगतो कीं त्यानें जोडा व छत्री न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें चालावें. किंवा विहीर खणावी! अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज कोणीं घेऊं नये. मधुमेह्याच्या पायाची जखम लवकर भरत नाहीं. साखर काबूंत ठेवण्याचें मोल अमेरिका व कॅनडा येथील मोठ्या प्रयोगानें १९९३ सालीं दाखविलें: इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या ज्या रोग्यांचा पडदा आरंभीं निर्दोष होता, त्यांत कसून नियंत्रण केल्यानें विकृति उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं घटला.

परंतु नव्या वाहिन्या एकदां उगवल्या म्हणजे केवळ पथ्य पुरत नाहीं. तेथें लेसर किरणांनीं पडद्याचा कडेचा भाग डागावा लागतो. त्यानें दृष्टि पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हें १९७६ सालींच प्रसिद्ध झालें. डोळ्यांत टोंचावयाचीं औषधें व शस्त्रक्रिया हेही उपाय आहेत. ह्या उपचारांनीं बहुधा उरलेली दृष्टि राखली जाते. गेलेली परत येईलच असें नाहीं. म्हणून तर्पणासाठीं घालविलेले दोन महिने महाग पडतात. प्रमेहावर दिलें जाणारें नागभस्म हें शिशाचें असतें, हेंही मूत्रपिंड दुबळें झालेल्या रोग्यानें वैद्यास विचारून घ्यावें.

उतारवयांत जडणाऱ्या मधुमेहांत निदान होतांच, आणि पुढें सामान्यतः दरवर्षीं, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावयाचा असतो. थेंबांनंतर कांहीं तास अक्षर अंधुक दिसतें, ऊन सोसत नाहीं; सोबतीला घरचें कोणी न्यावें.