सोळा पौंडांची स्प्रिंग

पाच इंची नळीच्या एम-१९११ पिस्तुलात नळीखाली जी रिकॉईल स्प्रिंग असते, तिचा प्रमाण जोर १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. हा जोर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे गेल्यावरचा. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या जॉन ब्राउनिंगच्या या पिस्तुलात तिला दोन कामं: मागे उसळणाऱ्या स्लाइडला आवर घालणं, आणि तिला पुढे ढकलताना नवं काडतूस नळीत बसवणं.

स्प्रिंग थकली की पुंगळ्या बोलतात. एरवी जवळच पडणाऱ्या पुंगळ्या लांब उडू लागतात, स्लाइड फ्रेमवर आपटते. मग हौशी लोक सरळ १८ किंवा २० पौंडांची टाकतात. हा अतिउत्साहच! जड स्प्रिंगने स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी अडकते. शिवाय पुढे येताना स्लाइड जोरात आदळते. हलक्या भाराच्या काडतुसांना तर १६पेक्षाही कमी जोराची लागते.

स्प्रिंग बदलताना मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची आधी डोळ्यांनी, मग बोटाने खात्री करायची. चष्मा हवाच. नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग फिरवताना खालच्या टोपणावर अंगठा दाबून ठेवावा लागतो. तो निसटला की टोपण थेट छताला! जुनी स्प्रिंग नवीशेजारी ठेवली की तिची घटलेली लांबी लगेच दिसते.

नव्या पाकिटात अनेकदा फायरिंग पिनची छोटी स्प्रिंगही मिळते. तीही त्याच बैठकीत बदलतात.